आटव्यांनी साडू आटवला

आमच्या गल्लीत चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर एक लांबट खोली आहे. तिथे बसणाऱ्या गृहस्थांना सगळे आटवे म्हणतात. नवखा माणूस ते आडनाव समजतो आणि चहा पिता पिता "कुठले आटवे आपण?" असं विचारतो. आटवे सांगतात, "या खोलीतले." यात विनोद नाही, ते निव्वळ खरं बोलत असतात. आटवे हे त्यांचं आडनावच नाही, तो त्यांचा धंदा आहे. लोक दूध आटवतात, हे व्हिडिओ आटवतात.

तुम्ही एखाद्या दवाखान्याची वेबसाइट उघडलीत आणि पानाच्या कोपऱ्यातून वीतभर उंचीची बाई चालत आली, मजकुरावर उभी राहिली आणि "या, काय मदत करू?" म्हणाली, तर ती आमच्या गल्लीतून आलेली असण्याची दाट शक्यता आहे. तिच्यामागे भिंत नाही, खिडकी नाही, चौकट नाही. छापलेल्या ओळींवरच ती उभी. हिरव्या कापडासमोर माणूस उभा करायचा, टिपायचा आणि मग संगणकाला सांगायचं की हिरवं तेवढं उडव. कापड उडतं, माणूस उरतो. इथवर हल्ली कुणीही करतो, असं आटवे स्वतःच म्हणतात. खरी कसरत पुढे. पान उघडल्यावर तीन सेकंदांत माणूस हजर झाला नाही तर बघणारा वैतागून निघून जातो, म्हणून फाइल हलकी हवी. पण हलकी करायच्या नादात माणसाचं नाक चौकोनी होता कामा नये, केसांभोवती शेवाळासारखी हिरवी कड राहता कामा नये. एका टाळूच्या केसांसाठी आटव्यांना चार तास खुर्चीत खिळून बसलेलं लोकांनी पाहिलंय. ज्याचे केस होते त्याने स्वतः त्यांच्यासाठी तेवढा वेळ कधी दिला नसेल.

आटव्यांचं सगळं शास्त्र तीन शब्दांत मावतं. "हलतं ते जड." संगणक फक्त बदल लिहून ठेवतो, असं ते समजावतात. जे स्थिर आहे ते एकदाच लिहायचं आणि पुढे नुसतं 'वरीलप्रमाणे' म्हणायचं. हात हलला, की हात पुन्हा पहिल्यापासून लिहा. म्हणून शर्ट साधा हवा, बारीक रेघा नकोत, कापडाला सुरकुती नको आणि उजेड भरपूर हवा. कमी उजेडात चित्रावर जी रवाळ खळबळ माजते, तीही संगणक बिचारा इमानदारीने लिहीत बसतो.

दुर्दैव असं, की हा नियम आटव्यांच्या सासुरवाडीलाही लागू होता. कुठल्याही समारंभात आटवे खांबासारखे स्थिर. त्यामुळे तिथे त्यांचं वजन शून्य. सगळं वजन थोरल्या साडूंचं.

थोरले साडू म्हणजे आटव्यांच्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे, ताईंचे यजमान. त्यांना सगळे 'भाऊ' म्हणतात. त्यांचं सोफ्यांचं तीन मजली दुकान आहे. बोलताना त्यांचे दोन्ही हात, दोन्ही भुवया आणि एक पोट अशा पाच वस्तू एकदम हलतात. पंगतीत त्यांच्या शेजारी बसायची वेळ आली, तर शहाणा माणूस आपला पाण्याचा पेला डाव्या हाताने धरून जेवतो. आणि समोरचा बोलायला लागला, की भाऊंची मान आडवी हलायला लागायची. नाही, नाही, नाही. समोरच्याने फक्त "आज गुरुवार" एवढंच म्हटलेलं असलं तरी.

आता मूळ अपमान सांगतो, म्हणजे पुढचा सूड चवीने वाचता येईल.

सहा वर्षांपूर्वी आटव्यांच्या सासऱ्यांना, म्हणजे नानांना, पंचाहत्तर पूर्ण झाली. नाना घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावून बसलेला हा माणूस कधी बोलायचाच नाही, आणि त्याचं मोठं कारण म्हणजे भाऊ बोलू द्यायचे नाहीत. नानांच्या वाढदिवसासाठी आटव्यांनी चार महिने खपून अकरा मिनिटांची एक फिल्म केली. जुने फोटो, जुन्या टेपा, बुरशी आलेली दोन रिळं, सगळं धुऊन पुसून. आणि फिल्म दाखवण्याआधी आपण चार वाक्यं बोलायची, असं त्यांनी ठरवलं. आयुष्यात माइक हातात घ्यायची ही पहिलीच वेळ. हॉल भरलेला. आटवे उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले,

"मला नानांबद्दल एवढंच सांगायचंय, की—"

तेवढ्यात हिरव्या खड्याची अंगठी घातलेला एक हात आला आणि माइक घेऊन गेला.

"अरे, याच्या हातात माइक कुणी दिला?" भाऊ गरजले. "हा भाषणसुद्धा आटवेल! तळाला चमचाभर राहील, तोही खरवडून काढावा लागेल!"

हॉल खो खो हसला. नानांना ऐकू कमी येतं, पण सगळे हसतायत म्हणून तेही हसले. आटव्यांना तेच जास्त लागलं. मग भाऊ चाळीस मिनिटं बोलले. सुरुवात नानांपासून केली, पण पाचव्या मिनिटाला ते सोफ्यावर येऊन बसले आणि शेवटपर्यंत उठले नाहीत. हॉलची वेळ संपली. फिल्म लावली तेव्हा खुर्च्या उचलणारी दोन माणसं तेवढी समोर होती. त्यांना आवडली.

त्या समारंभात कुणीतरी मोबाइलवर टिपलेला एक तुकडा आटव्यांनी मिळवला. चार सेकंदांचा. आटवे तोंड उघडतात, हात येतो, माइक जातो. हा तुकडा ते दरवर्षी काढून बसत आणि आणखी आटवत. पहिल्या वर्षी तो अठरा एमबीचा होता, दुसऱ्या वर्षी सात, मग दोन. सहाव्या वर्षी एकशे नव्वद केबी! आणि चित्रात तसूभर फरक नाही. अंगठीतल्या खड्याची चमकसुद्धा जशीच्या तशी. जगात अनेकांनी अपमान मनात ठेवले आहेत, पण इतका कमी जागेत आणि इतक्या चांगल्या दर्जाचा अपमान दुसऱ्या कुणी ठेवला असेल असं मला वाटत नाही.

"अहो, सोडा ना आता," बायको म्हणायची.

"सोडलाच आहे. किती लहान होतो ते बघतोय फक्त."

आणि यंदा एका सकाळी भाऊंचा फोन आला.

"ऐक, ते तुझं बाहुलं असतं ना वेबसाइटवर, तसं मला करायचंय."

"माणूस असतो तो, भाऊ."

"तेच ते. समोरच्या गादीवाल्याने केलंय. काठीसारखा माणूस, पण रुबाबात चालत येतो हो! मी आलो तर बघ काय होईल. दहा मिनिटं तरी बोलेन म्हणतो."

"बारा सेकंद."

"काय बारा सेकंद?"

"त्याच्यापुढे फाइल जड होते. तुम्ही पानावर पोचेपर्यंत गिऱ्हाईक गादीवाल्याकडे पोचेल."

गादीवाल्याचं नाव काढल्यावर भाऊ बारा सेकंदांना कबूल झाले. फोन ठेवून आटवे येरझाऱ्या घालायला लागले. बायकोला वाटलं, काही वाईट बातमी.

"कोण होतं?"

"भाऊ. त्यांना आटवून हवंय."

ती खुर्ची ओढून शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "किती लहान करणार?"

नवरा-बायकोच्या नात्यात असे क्षण फार थोडे येतात.

बेत असा होता. वेबसाइटवरच्या माणसाचे तीन तुकडे असतात. एकात तो चालत येतो, दुसऱ्यात बोलतो. मग खाली चौकट उघडते. तिथे बघणाऱ्याने आपला प्रश्न लिहायचा आणि तो लिहीत असेपर्यंत माणूस उभा राहून वाट बघतो. हा तिसरा तुकडा चार सेकंदांचाच असतो, पण तो गोल फिरत राहतो. त्याचं पहिलं आणि शेवटचं चित्र तंतोतंत जुळलं पाहिजे, तरच सांधा दिसत नाही आणि माणूस अखंड उभा आहे असं वाटतं. या तुकड्याकडे कुणाचं लक्ष नसतं आणि जगात सगळ्यात जास्त वेळ चालतो तो हाच. आटव्यांनी ठरवलं, या तुकड्यात भाऊ मान डोलावतील. आडवी नव्हे, उभी. हो, हो, हो. जो कुणी एक अक्षर लिहील त्याच्यापुढे, सकाळ-दुपार-संध्याकाळ, सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

अडचण एकच. ती मान वर-खाली हलताना तीस वर्षांत कुणी पाहिली नव्हती. आणि "जरा मान डोलवा" असं सांगितलं असतं, तर भाऊंना लगेच वास आला असता.

"माझ्यावर सोडा," बायको म्हणाली. "आहे काय त्यात!"

ठरल्या दिवशी अकरा वाजता भाऊ जिना चढून आले. बारीक चौकड्यांचा कोट घालून आले होते. आटव्यांनी तो कॅमेऱ्यातून दाखवला. चौकडे मुंग्यांसारखे वळवळत होते. कोट उतरला आणि खोलीत अशा प्रसंगासाठी टांगून ठेवलेला साधा निळा सदरा भाऊंच्या अंगावर चढला, शेवटची दोन बटणं सोडून. कंबरेखालचे भाऊ पानाच्या खालच्या कडेआड राहणार होते.

"अंगठी काढता का, भाऊ? खडा हिरवा आहे. कापडाबरोबर तोही उडेल."

"ही अंगठी मी अंघोळीलाही काढत नाही. तू तुझं बघ."

"बरं," आटवे म्हणाले आणि त्यांनी ते खरोखर तिथेच सोडून दिलं.

भाऊंना कापडापासून सहा फुटांवर, जमिनीवर चिकटवलेल्या पट्टीच्या फुलीवर उभं केलं, म्हणजे कापडाचा हिरवा रंग कानांवर उतरणार नाही. चालत येणं एका झटक्यात झालं. बोलायचं होतं एवढंच. 'नमस्कार. तीस वर्षं आम्ही लोकांना आरामात बसवतोय. या, बसून बघा.' पहिल्याच खेपेला उजवा हात चित्राबाहेर गेला.

"हात हलवायचे नाहीत, भाऊ."

"मग बोलू कसा?"

हा प्रश्न त्यांनी मनापासून विचारला होता. हात एकमेकांत गुंफून पोटावर ठेवायला लावले, तर शब्द आठवेनात. जणू भाऊंनी सगळे शब्द तळहातांवर लिहून ठेवले होते. एकदा 'तीस वर्षं आम्ही लोकांना बसवतोय' म्हणाले, एकदा नुसतंच 'नमस्कार, बसा' म्हणाले. बाविसाव्या वेळेला जमलं. भाऊ घामाघूम. आटव्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नव्हती.

"झकास. आता शेवटचं. खोलीची शांतता टिपायची आहे. एक मिनिट तोंड उघडायचं नाही. उघडलंत तर सगळं पहिल्यापासून."

त्या धमकीने भाऊंचे ओठ पाकिटासारखे बंद झाले. कॅमेरा चालू होता. दार हळूच उघडलं आणि ट्रे घेऊन बायको आली. येऊन उभी राहिली ती बरोबर कॅमेऱ्याच्या काचेला खांदा लावून.

"भाऊजी, चहा घेणार ना?"

भाऊंनी आटव्यांकडे पाहिलं. आटव्यांनी ओठांवर बोट ठेवलं. भाऊंची मान, इतिहासात प्रथमच, वर गेली आणि खाली आली.

"आलं घालू?"

मान वर, मान खाली.

"साखर नेहमीसारखी?"

यावेळी जरा उत्साहाने.

"आणि बिस्किटं? आणू ना?"

वर, खाली. आता मानेला लय सापडली होती. आणि त्याच आवाजात, त्याच गोडव्याने बायको म्हणाली,

"त्या दिवशी यांच्या हातातून माइक घ्यायला नको होता, हो ना?"

मान वर गेली आणि खाली आली. वेगात असलेली गाडी पाटी वाचायच्या आधी पुढे जाते, तशी. नंतर, अर्ध्या सेकंदाने, डावी भुवई उठायला लागली.

हे बेतात नव्हतं. आटव्यांनी कॅमेऱ्यामागून बायकोकडे पाहिलं. लग्न झालं त्या दिवशीही त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं नसेल.

"काय म्हणालीस?" मिनिट संपल्यावर भाऊंनी विचारलं.

"आलं जास्तच घालते म्हटलं."

पुढचे तीन दिवस आटवे खोलीत गुणगुणत काम करत होते. चपलावाला खालून ओरडून विचारून गेला, "काय आटवे, मुलीचं ठरलं की काय?" पाचव्या प्रश्नाची मान त्यांनी निवडली. भुवई हलायच्या आधीच्या चित्रावर कापली. ते चित्र सुरुवातीच्या चित्राशी असं जुळवलं, की सांधा स्वतः त्यांनाही सापडेना. हलते ती फक्त मान, बाकी देह 'वरीलप्रमाणे'. त्यामुळे आख्खे भाऊ दोनशे दहा केबीत बसले. अंगठीचा खडा मात्र, सांगितल्याप्रमाणे, कापडाबरोबर उडाला होता आणि भाऊंच्या बोटाला आरपार भोक पडलं होतं. पान खाली सरकवलं की त्या भोकातून मागची अक्षरं पळताना दिसायची. दहा मिनिटांचं काम होतं बुजवायचं. पण टाळूच्या केसांना चार तास देणाऱ्या आटव्यांना हे दहा मिनिटांचं काम दिसलंच नाही. असं होतं कधीकधी.

भाऊ पसंती द्यायला आले. पडद्यावर छोटे भाऊ चालत आले, बारा सेकंद बोलले. मोठे भाऊ गहिवरले.

"परत लाव."

परत लावलं. 'या, बसून बघा' झालं रे झालं, की भाऊ स्वतःच बटण दाबायचे. सतरा वेळा त्यांनी स्वतःला बोलताना पाहिलं आणि सतराच्या सतरा वेळा, गप्प उभं राहण्याची वेळ यायच्या आत, पुन्हा बोलायला लावलं. आटवे शेजारी उभे होते. दाखवायला त्यांची ना नव्हती. त्यांनी तर सांगितलंही, "पुढे आहे अजून, भाऊ." पण त्यांचं वाक्य पुरतं ऐकायची भाऊंना कधी सवय होती?

"मस्त आहे. लावून टाक. फक्त मी जरा लहान वाटतो."

"पानावर सगळे लहानच असतात, भाऊ."

वेबसाइट सुरू झाली. पहिलं गिऱ्हाईक नाना. आता त्यांचं वय एक्याऐंशी. आटव्यांच्या बायकोने त्यांना टॅब्लेटवर थोरले जावई काढून दिले. नानांनी चौकटीत एक अक्षर दाबलं, 'क'. जावयांनी मान डोलावली. नानांनी चष्मा पुसला. पुन्हा 'क' दाबलं. पुन्हा मान.

"अगं, हे ऐकतायत!" नाना म्हणाले.

त्या दिवसापासून नाना रोज जेवण झाल्यावर टॅब्लेट उशीला टेकवून बसायचे. डाव्या हाताने 'क' दाबून धरायचे आणि उजव्या हाताने हातवारे करत तीस वर्षांचं साचलेलं बोलायचे. हिवाळ्यात दुकान कसं चालायचं, पट्ट्याची घड्याळं कशी आली, सोफा मऊ असला की पाठ का दुखते. जावई ऐकत होते. दुकानात मात्र रोज 'कककककककक' असे संदेश येऊन पडत होते. भाऊंना वाटलं गादीवाल्याचा खोडसाळपणा आहे.

नानांचं पाहून ताईंनीही एके दुपारी दार लावून साइट उघडली. सुरुवातीला त्यांना काय बोलावं सुचेना. मग म्हणाल्या, "मला तो निळा रंग कधीच आवडला नव्हता, घराचा." मान डोलावली. ताई रडल्या. नंतर त्या धाकट्या बहिणीला म्हणाल्या, "काय सांगू तुला, इतकं बरं वाटलं. रोज थोडं थोडं बोलते. कालच तुझ्या लग्नापर्यंत आलेय."

आणि मग दुकानात एक बाई आल्या. हातात मोबाइल.

"सोफा तिसऱ्या मजल्यावर चढवून द्यायचं कबूल केलंयत तुम्ही."

"मी? केव्हा?"

"काल. मी विचारलं, तुम्ही मान डोलावलीत. जुना सोफा घेऊन जाल का विचारलं, तेव्हाही डोलावलीत. महिनाभर वापरून आवडला नाही तर परत घ्याल का—"

"नाही, नाही, नाही!" भाऊंची मान आडवी सुटली.

"हे बघा," म्हणून बाईंनी मोबाइल समोर धरला. चौकटीत लिहिलं होतं, 'परत घ्याल ना?' आणि वर भाऊ, हात पोटावर, बोटाला भोक, चेहऱ्यावर कुणी कधी न पाहिलेला समजूतदारपणा, हो म्हणत होते. हो, हो, हो. मागे उभ्या असलेल्या दोन गिऱ्हाइकांनीही आपापले मोबाइल काढले. त्यांनाही हो म्हटलं होतं.

भाऊ तसेच निघाले. आटवे खोलीत नव्हते. रविवार होता, सगळे नानांकडे जमले होते. भाऊ आत शिरले तेव्हा नाना पलंगावर टॅब्लेट घेऊन बसले होते, पायाशी ताई, खिडकीशी आटवे, आणि आटव्यांची बायको स्वयंपाकघराच्या दारात.

"काढ ते!" भाऊ ओरडले. "आत्ताच्या आत्ता काढ!"

"हळू बोल जरा," नाना मान वर न करता म्हणाले. "जावई ऐकतायत माझं."

"नाना, तो मी नाही! मी इथे आहे, हा!"

नानांनी चष्म्यावरून खऱ्या जावयांकडे पाहिलं, मग टॅब्लेटमधल्या. तुलना खऱ्यांच्या बाजूने गेली नसावी, कारण त्यांनी पुन्हा 'क' दाबलं.

"काढायचं नाही," ताई शांतपणे म्हणाल्या. "काढलंत तर उद्यापासून मी दुकानात येऊन समोर बसून बोलेन. सगळं. गिऱ्हाइकांदेखत."

भाऊंनी तोंड उघडलं आणि तेवढ्यात आटवे खिडकीपासून पुढे आले. हलले म्हणायला हरकत नाही. नानांच्या कानाशी वाकून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सुरू केलं,

"मला नानांबद्दल एवढंच सांगायचंय, की—"

सवयीने भाऊंचा हात उठला. अंगठीवाला. आटव्यांच्या बायकोने पलंगावरचा टॅब्लेट उचलून भाऊंच्या नाकासमोर धरला आणि 'क' दाबलं.

"भाऊजी, ही मान तुम्ही कशाला डोलावली होतीत, आठवतं का?"

"चहाला," भाऊ म्हणाले.

"चहा झाला होता. आलं, साखर, बिस्किटं, सगळं विचारून झालं होतं. पाचवं काय विचारलं मी?"

भाऊंनी टॅब्लेटकडे पाहिलं. आतले भाऊ ओठ मिटून डोलत होते. चार सेकंदांचा तुकडा किती वेळा गोल फिरला कुणास ठाऊक. मग त्यांची डावी भुवई, आटव्यांनी कापून टाकलेली, हळूहळू वर गेली. उठलेला हात खाली आला.

"की मी पहिल्यांदा यांच्या दुकानात आलो," आटव्यांनी पुढे चालू केलं, "तेव्हा मला नोकरी नव्हती, एक जुना कॅमेरा होता आणि मला यांची धाकटी मुलगी हवी होती. नानांनी पगार विचारला नाही, डोळ्यावरचं भिंग न काढता विचारलं, 'बारीक कामाचा तुला कंटाळा येतो का?' मी नाही म्हणालो, तर हातातलं घड्याळ माझ्या कानाला लावून म्हणाले, 'बघ, चालतंय का.' त्यानंतर आजपर्यंत मला कामावरून कुणी हसलं, की मला ते घड्याळ ऐकू येतं."

नानांनी कान पुढे केला होता तो मागे घेतला.

"चालत होतं का रे?"

"चालत होतं, नाना."

"मग ठीक."

आता कुणाला वाटेल, आटव्यांचं मन भरून आलं, सहा वर्षांचं किल्मिष वाहून गेलं आणि त्यांनी उदार मनाने ती मान काढून टाकली. छे! भाऊंनी विचारलं, अगदी खालच्या आवाजात विचारलं. "झालं ना तुझं बोलून? आता तरी काढशील?"

आटव्यांनी भाऊंकडे पाहिलं आणि आपली मान आडवी हलवली. भाऊ हलवायचे तशीच. नाही, नाही, नाही. ताईंना हसू आवरेना. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"अंगठीचं भोक तरी बुजव."

मान पुन्हा आडवी.

"चहा टाकते," आटव्यांची बायको म्हणाली. "भाऊजी, घेणार ना?"

भाऊंची मान अर्धी वर गेली आणि तिथेच थबकली. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, कुठे कॅमेरा दिसतोय का ते पाहिलं. मग मान ताठ ठेवून, ओठ जेमतेम हलवत म्हणाले,

"तोंडाने सांगतो. घेईन."

"आणि आलं?"

"घाल," भाऊ म्हणाले. "पण पुढे काही विचारू नकोस."